गणपतीला गावी: तिकीट, रस्ता, सामान (अनुभव धागा)

रानजाई
काल परळ आगाराबाहेर गट आरक्षणाची गर्दी दिसली आणि टपावर ट्रंका, वळकट्या रचून वर ताडपत्री आवळलेल्या जुन्या एसट्या आठवल्या. तेव्हा बसायला जागा मिळाली की सगळं मिळालं. आता गाड्या वाढल्या, माणसंही वाढली, आणि तयारी दोन महिने आधी सुरू झाली नाही तर सणाचा आनंद पनवेललाच संपतो. म्हणून कोकणात गावी जाणाऱ्यांसाठी हा धागा. यंदा (२०२६) चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. म्हणजे शुक्रवार रात्रीपासून रविवारपर्यंत सगळे एकदम निघणार. "लवकर निघा" एवढंच नको, कुठून, कधी, कुठल्या फाट्याने ते लिहा.

सुरुवात मी करते. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस त्यात धरायचा नाही. ११ सप्टेंबरच्या गाडीचं १३ जुलैला, १२ चं १४ जुलैला, १३ चं १५ जुलैला. सकाळी ८ वाजता.

कुडाळचो झील
तुतारी एक्सप्रेसवाल्यांनी तारीख नीट बघा!! दादरहून ती रात्री १२.०५ ला सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट शनिवारचं, म्हणजे १२ तारखेचं काढायचं. ११ चं काढलं तर ती गाडी गुरुवारी मध्यरात्रीच गेलेली असते. दरवर्षी फलाटावर कोणीतरी टीसीशी वाद घालत असतं. कोकणकन्या रात्री ११.०५ ची, तिला हा घोळ नाही.

लोअर बर्थ
आठच्या ठोक्याला फॉर्म भरत बसू नका. आदल्या दिवशी करायची कामं:
रेल्वे बुकिंगच्या खात्याला आधार जोडून घ्या, बुकिंग उघडतं त्या वेळी त्याशिवाय ऑनलाइन तिकीट निघत नाही. प्रवाशांची नावं, वयं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, ओळखपत्रावर आहेत तशीच. पैसे रेल्वेच्या वॉलेटमध्ये आधीच टाका, कारण बँकेच्या ओटीपीची वाट बघताना सीट जाते. एका तिकिटावर सहाच जण, तत्काळला चार.

ज्येष्ठांचं वेगळं काढा. खालच्या बर्थचा कोटा ६० वरचे पुरुष आणि ४५ वरच्या बायका यांना मिळतो, पण तिकिटावर असे एक किंवा दोघंच असतील तरच. आजीआजोबांना सहा जणांच्या तिकिटात घातलं की तो कोटा लागतच नाही आणि मग आजी वरच्या बर्थखाली उभ्या. दोन तिकिटं लागोपाठ काढली तर डबाही तोच येऊ शकतो.

रानजाई
@लोअर बर्थ हे फार कामाचं. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांतर्फे आभार 🙏

सावर्डे लोकल
वेटिंगचे प्रकार बघून मगच पैसे भरा. जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सुटायच्या स्टेशनाकडचं सर्वसाधारण वेटिंग, सगळ्यात लवकर पुढे सरकतं. पीक्यूडब्ल्यूएल, आरएलडब्ल्यूएल अधल्यामधल्या स्टेशनांचे छोटे कोटे, ते सणात हलत नाहीत. म्हणून कुडाळ, कणकवलीचं मिळत नसेल तर त्याच गाडीचं मडगावपर्यंतचं बघा. भाडं थोडं जास्त, पण अलीकडे उतरायला कोणी अडवत नाही. चढण्याचं मात्र तसं नाही. सीएसएमटीचं तिकीट आणि चढणार पनवेलला, तर बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्टेशन, आधीच बदलून घ्या. एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क गेला.

ऑनलाइन वेटिंग चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. खिडकीवरचं वेटिंग हातात असलं तरी स्लीपर किंवा एसीत बसता येत नाही.

आणि दुरून येणाऱ्या गाड्यांचे ६० दिवस त्या जिथून सुटतात त्या तारखेपासून मोजतात. नेत्रावती केरळातून सकाळी सुटते, रत्नागिरीला दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे परतीचं तिकीट तुमच्या हिशोबापेक्षा एक दिवस आधी उघडतं. यात बरेच जण चुकतात.

तिठ्यावरची
परतीचं कोणी बोलतच नाहीये. जाताना लोक तीन दिवसांत विभागले जातात, येताना गौरी-गणपती विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी एकदम. जायचं कन्फर्म आणि यायचं वेटिंग, अशी निम्मी कुटुंबं असतात. परतीचा दिवस विसर्जनानंतर एक सोडून दुसरा धरा, किंवा निदान सकाळची गाडी धरा, रात्रीच्यांवर सगळ्यांचा डोळा असतो.

घाटवाट
रस्त्याचं लिहितो, लांबेल.

मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल ते इंदापूर-माणगाव हा खरा त्रासाचा पट्टा. माणगावात बाजारपेठेतून जावं लागतं, तिथे म्हसळा-श्रीवर्धनकडची आणि ताम्हिणीतून उतरणारी गाडीही त्याच चौकात येते. एक बस आडवी झाली की रांग इंदापूरच्या मागे. माणगाव पहाटे ५ च्या आत मागे टाकता येईल अशा बेताने निघा. ठाण्याहून रात्री १२-१ ला निघालात तर सहसा जमतं. रात्री ९-१० ला निघणारे खासगी बसच्या लोंढ्यात सापडतात, कारण त्या सगळ्या त्याच सुमारास सुटतात.

पेण-वडखळ टाळायचं असेल तर द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पाली, आणि वाकण फाट्याला महामार्गावर. अंतर जरा वाढतं, पण गाडी चालत राहते. वाकणनंतर मात्र कोलाड, इंदापूर, माणगाव सगळ्यांना सारखंच.

पोलादपूरच्या पुढे कशेडीचा बोगदा आहे, जुना घाट वाचतो. आत दिवे लावा, ओव्हरटेक नको. काही कामासाठी एकच बाजू चालू असली तर तोंडाशी थांबावं लागतं, घाई करून उलट्या मार्गिकेत घुसू नका, समोरून येणाऱ्याला मागे घ्यायला जागा नसते.

सिंधुदुर्गवाल्यांनी सरळ पुणे-सातारा-कोल्हापूर मार्ग विचारात घ्यावा. कणकवलीला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. वैभववाडीला गगनबावडा, तिथून करूळ किंवा भुईबावडा, एकात दरड आली तर दुसरा. सावंतवाडीला आंबोली. रत्नागिरीकरांना मलकापूर-साखरपा, आंबा घाट. चिपळूणला कराड-पाटण-कोयनानगर, कुंभार्ली. हे घाट उजेडात उतरायचे. पावसात धुकं इतकं असतं की पांढरा पट्टाही दिसत नाही. त्या वेळी हेडलाइट खालचा ठेवा, वरचा प्रकाश धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. वरंध पावसाळ्यात बहुधा बंदच असतो, मॅपवर दाखवला तरी भोरला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

कुडाळचो झील
@घाटवाट आंबोलीत धबधब्यापाशी गाड्या लावतत ता पण लिवा. रविवारी थयच तासभर जाता.

घाटवाट
हो, शनिवार-रविवार दुपारी आंबोली टाळा. गेलातच तर सकाळी ८ च्या आत.

स्टेपनी
सीएनजीवाल्यांसाठी. महामार्गावरचे बरेच पंप पाइपलाइनवर नाहीत, तिथे गॅस ट्रकवरच्या टाक्यांतून येतो. तो ट्रकही तुमच्याच ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो. टाक्या रिकाम्या होत आल्या की दाब उतरतो, मग रांगेत दोन तास उभं राहून निम्मीच टाकी भरते. उपाय एकच, पनवेलच्या अलीकडे सीएनजी पूर्ण भरा आणि पेट्रोलची टाकीही पूर्ण. घाटात भरलेली गाडी चढवताना पेट्रोलवर टाका, ओढ चांगली राहते.

निघण्याआधी आठवडाभर: वायपरचं रबर (काचेवर रेघ सोडत असेल तर बदला, शे-दोनशेचं काम आहे), टायरची नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली असेल तर टायर बदला, स्टेपनीत हवा, जॅक आणि पाना जागेवर आहेत का. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो, तिथे पाच माणसं आणि सामान असा वेगळा आकडा असतो, तो धरायचा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर लागत नाहीत. जळका वास आला तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या, त्यावर पाणी मारू नका.

वाकणफाटा
टोलमाफीचा पास विसरू नका. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना दरवर्षी आदेश निघतो, पास आरटीओ आणि पोलिसांकडे मिळतो. गाडीचा नंबर आणि तारखा बरोबर लिहिल्यात का ते तिथेच बघा, येतानाही तोच लागतो.

माटवी
गाडी रेल्वेवर चढवायचं कोकण रेल्वेने २०२५ मध्ये सुरू केलं होतं ना, कोलाड ते वेर्णा (गोवा)? त्याचं काय?

घाटवाट
@माटवी चांगली सोय, पण चढवायची कोलाडला. म्हणजे पनवेल-कोलाड तुम्ही चालवायचंच, तेही वेळेच्या तीन तास आधी पोचायचं. गोव्याला जाणाऱ्याला फायदा. चिपळूण-खेडवाल्याला काहीच नाही.

लाल परी
एसटी! वाडीतली ४०-४५ माणसं जमली तर गट आरक्षण करा, गाडी तुमच्या भागातून सुटते आणि थेट गावात जाते, तिठ्यावर उतरून रिक्षा शोधायला नको. आगारात यादी देताना उतरायची ठिकाणं क्रमाने लिहा आणि एकच मोबाइल नंबर संपर्काला द्या, पाच जणांनी फोन केले की चालकाचा गोंधळ होतो. बायकांना अर्धं तिकीट, ७५ वरच्यांना मोफत, ६५ ते ७५ अर्धं. ओळखपत्र मूळ किंवा डिजिलॉकरमधलं. गाडीत चार्जिंगच्या भरवशावर राहू नका.

तिठ्यावरची
मूर्ती मुंबईहून नेणाऱ्यांना हात जोडून, शाडूची असेल तर नेऊ नका. शाडूला धक्का आणि दमट हवा दोन्ही सोसत नाही, आधी बोटं आणि कान जातात. गावच्या गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) पाट नेऊन द्यायची रीत आहे ती याचसाठी. पाट आधीच पोचवा, त्यावर मागे खडूने घराचं नाव आणि उंची इंचांत लिहा, मखराची आतली उंची मोजून त्यापेक्षा चार-पाच इंच कमीच सांगा. मुकुट आणि प्रभावळ धरून उंची सांगायची, लोक डोक्यापर्यंतची सांगतात आणि मग मखर कापत बसतात.

न्यायचीच असेल तर खोक्यात तळाला गादीचा तुकडा, चारी बाजूंनी गुंडाळलेल्या साड्या, हाताजवळ मऊ सुती कापड. वर्तमानपत्राचे बोळे दबतात, त्यांच्यावर विसंबू नका. खोका मांडीवर किंवा पायाशी, डिकीत नाही.

माटवी
पाटावरून आठवलं, माटवीला (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला) कवंडळं, ती रानवेलीची फळं, यंदा कोणाकडे मिळतील? आमच्याकडे रान साफ केलं, वेलच राहिले नाहीत 😞

कुडाळचो झील
@माटवी कुडाळच्या बाजारात आदल्या दिवशी सकाळी गावतत. धा वाजल्यानंतर जाव नकात, संपतत.

माटवी
देव बरे करो!

चिपीवरून
विमानाने मोपाला (गोव्याच्या विमानतळावर) जाणाऱ्यांनी पूजेच्या सामानातून कापूर आणि सुकं खोबरं काढून ठेवा, दोन्ही ज्वलनशील, तपासणीत काढून घेतात. काडेपेटीही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. कापूर, खोबरं, काडेपेटी बांद्याच्या बाजारात मिळतं. मोदकांची पिठी मात्र खुशाल न्या, पण दुहेरी पिशवीत, दाब बदलला की एकेरी पिशवी फुगते आणि कपडे पांढरे होतात.

लोअर बर्थ
पिठी रेल्वेतही दमट होते. डब्याला आतून वर्तमानपत्र नको, सुती कापड घाला.

घरकोंबडी
घर बंद करून निघताना: गॅस सिलेंडरचा रेग्युलेटर बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, बाल्कनीच्या मोरीची जाळी साफ. शेवटचं सगळेच विसरतात. सुकलेली पानं अडकली की एका रात्रीच्या पावसात पाणी दारातून हॉलमध्ये येतं आणि खालच्यांकडे गळतं. किल्ली शेजाऱ्यांकडे. दूध, पेपर बंद.

रानजाई
@घरकोंबडी जाळीचं आत्ताच फळ्यावर लिहिलं.
लहान मुलांना घाट लागतो त्यावर कोणी?

आईचं घर
मधल्या सीटवरून समोर दिसेल असं बसवा, मोबाइल बंद. रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही, निघण्याआधी तासभर भात किंवा भाकरी थोडी. तेलकट, दूध नको. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून आणि घाट सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, उलटी सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो. जाड पिशव्या, ओला रुमाल, एक जोडी कपडे हाताशी, डिकीत तळाला नाही.

सावर्डे लोकल
ज्यांचं काहीच कन्फर्म नाही त्यांच्यासाठी: विशेष गाड्या जाहीर होतात त्यांचं बुकिंग वेगळ्या दिवशी उघडतं, रोज रेल्वेचं पत्रक बघा. चिपळूणपर्यंत अनारक्षित मेमू सोडतात, खेड-चिपळूणवाल्यांना तीच बरी. तत्काळ आदल्या दिवशी, एसी १० ला, स्लीपर ११ ला, खात्याला आधार लागतंच. पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे, त्यामुळे "मी काढून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर परतावा शून्य.

पावसाळी वेळापत्रक लागू असतं हेही ध्यानात घ्या. वेग कमी ठेवतात, मार्ग बराचसा एकेरी, एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. उतरल्यावर लगेचची एसटी धरायचा बेत नको, मध्ये दोन तास ठेवा. आणि राजापूर रोड स्टेशन राजापूर गावात नाही, बरंच लांब आहे, रिक्षा आधी सांगून ठेवा.

वाकणफाटा
रोख पैसे न्या. वीज गेली की टॉवर जातो, मग क्यूआर नुसता भिंतीवर. दहा-वीसच्या नोटा जास्त, दक्षिणा द्यायलाही लागतात.

कुडाळचो झील
रानजाई, तुमचा तिकीट गावला काय?

रानजाई
१४ जुलैला सकाळी ८ ला बसायचंय, मास्टर लिस्ट आत्ता भरतेय. सासूबाईंचं वेगळं.