मदत हवी आहे : हवेवर चालणाऱ्या डायफ्राम पंपाची गळती थांबत नाही

नमस्कार. हिंगणघाटजवळच्या सरकीच्या तेलाच्या एका लहान रिफायनरीत मी देखभालीचे काम पाहतो. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया झाल्यावर तेलातून वेगळा निघणारा सोपस्टॉक टाकीत चढवण्यासाठी आमच्याकडे दीड इंची, पॉलिप्रॉपिलीनच्या बॉडीचा, दोन डायफ्रामचा (लवचिक पडद्यांचा) हवेचा पंप आहे. त्याने गेले तीन आठवडे भंडावून सोडले आहे.

सुरुवातीला मॅनिफोल्ड (माल आत-बाहेर नेणारा नळीचा भाग) आणि चेंबर यांच्या सांध्यातून सकाळी थेंब गळत आणि माल गरम झाला की गळती कमी होई, म्हणून आम्ही बोल्ट दर दोन दिवसांनी आवळत राहिलो. परवा मात्र सायलेन्सरमधून हवेबरोबर तपकिरी फेस बाहेर येऊ लागला. उघडून पाहिले, तर एक डायफ्राम कडेला फुगून मऊ पडलेला आणि मधल्या प्लेटजवळ चिरलेला होता. हे ईपीडीएमचे डायफ्राम चारच महिन्यांपूर्वी बसवले होते. कॉस्टिकला हेच रबर उत्तम, असे दुकानदाराने सांगितले होते. आधीची जोडी, ती कोणत्या रबराची होती कोण जाणे, दीड वर्ष चालली होती. शिवाय डिस्चार्जचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पंप थांबत नाही, अधूनमधून ठोका मारतच राहतो. सुट्या भागासाठी नागपूर गाठायचे म्हणजे माणसाचा अख्खा दिवस जातो, त्यामुळे एकाच फेरीत काय काय आणावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ईपीडीएम कॉस्टिकला टिकते, पण तेलात फुगते. आणि सोपस्टॉकमध्ये साबण व अल्कलीबरोबर बरेच तेलही अडकलेले असते. व्हायटॉन हे दुसरे रबर तेलाला चांगले असले तरी गरम, तीव्र कॉस्टिकला ते नको. तुमच्या मालासाठी टेफ्लॉनचे डायफ्राम, त्यांच्यामागे आधाराचे रबरी डायफ्राम आणि टेफ्लॉनचेच बॉल (माल उलटा जाऊ न देणारे व्हॉल्व्हचे गोळे) घ्यावेत. दोन्ही बाजूंचे डायफ्राम एकदमच बदला.

सायलेन्सरमधून माल आला याचा अर्थ तो हवेच्या बाजूला शिरलेला आहे, त्यामुळे एअर व्हॉल्व्ह (हवा आळीपाळीने दोन्ही बाजूंना देणारा भाग) व त्याला चालवणारा पायलटचा भाग खोलून धुवावा लागेल आणि त्यांच्या ओ-रिंगांचा संचही आणावा लागेल. पंप न थांबण्याचे कारण चिरलेला डायफ्राम असू शकते, तसेच सीटवर, म्हणजे बॉलच्या बैठकीवर, घट्ट झालेल्या सोपस्टॉकचा गोळा अडकून बॉल नीट न बसणे हेही असू शकते. सगळे बसवून झाल्यावर डिस्चार्ज बंद करून पुन्हा पाहा. पंप थांबला नाही, तर बॉल आणि सीट तपासा.

सांध्याच्या बाबतीत, हे प्लास्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू दबते आणि बोल्ट सैल पडतात. पंप थंड असताना, हवा बंद करून, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने टॉर्क पान्याने माहितीपुस्तिकेतील आकड्यापर्यंतच आवळा आणि पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. दर दोन दिवसांनी अंदाजाने आवळण्यात बॉडीलाच तडा जाण्याचा धोका आहे. सोपस्टॉक किती अंशांवर पंपात येतो, तेही कळवा. ६५-७० अंशांच्या पुढे पॉलिप्रॉपिलीन भरवशाचे राहत नाही.

आणि खोलण्यापूर्वी लाइनमधील दाब काढून माल उतरवून घ्या. चष्मा व हातमोजे विसरू नका, कॉस्टिक डोळ्यांत गेले तर पंपाची काळजी दुय्यम ठरेल.

धागाकर्ता

आभारी आहे. टाकीवरच्या मापकात आज ७२ अंश दिसले.