जपानी आणि फिलिपिनो इंजिनिअर फौंड्री बघायला येणारेत, काय तयारी करू?

शिरोलीकर:
रामराम मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे, मी क्वालिटी बघतो. पंपाच्या हाउसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) सॅम्पल पास झालं. आता गिऱ्हाइकाच्या फिलिपिन्समधल्या सेबूच्या कारखान्यातनं एक जपानी आणि एक फिलिपिनो इंजिनिअर येणारेत. मालक म्हणतात, तांबडा-पांढरा घाला, खूश होतील. माझा घोर वेगळाच आहे. बोअरचा (आतल्या भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आम्ही वाढवून मागितलाय, जपानी साहेब फोनवर प्रत्येक वाक्याला "हाय, हाय" करतोय. मान्य झालं म्हणायचं का?

रंकाळ्याकाठी:
नाही भावा! त्यांचं "हाय" म्हणजे "ऐकतोय, पुढं बोल". आणि "केंतो शिमासु" म्हणाला, म्हणजे "विचार करतो", तर बहुतेक वेळा बोंबललंच समज. आपलं "बघू की" असतंय तसं. नवा रेव्हिजन नंबर (बदलाचा क्रमांक) टाकलेलं सहीचं ड्रॉइंग हातात येईस्तोवर एकबी कास्टिंग ओतू नको.

मी सेबू बेटावर बालांबानला जहाजाच्या यार्डात तीन वर्षं वेल्डिंग तपासायला होतो. त्या गावात जपान्यांनी १९९४ पासून पाय रोवलाय. आख्खं जहाज एका जागी बांधत नाहीत, ब्लॉक, म्हणजे मोठे तुकडे, वेगवेगळे करून मग जोडतात. एका ब्लॉकचं माप चुकलं की शेजारचा बसत नाही, म्हणून ती माणसं मापाला एवढी चिकटून. व्हॉल्व्ह बंद केला तरी बोट दाखवून मोठ्यानं "योशी!" म्हणायचं, म्हणजे "ठीक". पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. नंतर घरी गॅस बंद करताना माझंच बोट वर जायला लागलं, बायको अजून चिडवते.

फिलिपिनो माणूस बोलायला गोड, पण जपानी साहेबासमोर चूक काढणार नाही. त्याला चहाला बाजूला घे, खरं तिथं कळेल. आणि नावाआधी "इंजिनिअर" लाव, आपण डॉक्टर लावतो तसं. त्यांच्याकडं सरकारी परीक्षा देऊन लायसन काढावं लागतंय, मान असतो त्याला.

मेसवाल्या काकू:
तांबडा जपून रे बाबांनो. त्यांच्यातल्या तिखट खाणाऱ्या बिकोल भागाकडचा असला तर ठीक, नाहीतर फिलिपिनोंना तिखटाची सवय नसते. चिंचेचं आंबट आवडतं त्यांना. पांढरा वाढा, नारळाचं दूध ओळखीचं वाटेल.

शिरोलीकर:
सहीच्या ड्रॉइंगचं आत्ताच मालकांच्या कानावर घातलं. म्हणाले, बघू की.