साखर कारखान्यांचा सहकार संपला, आता शेतकरी कंपनीच खरी, म्हणजे शेतकऱ्यांनीच भागभांडवल घालून काढलेली कंपनी. पटतंय का?

द्राक्षबागवाला, निफाड
विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला कारखाना उभा केला, त्याला पंच्याहत्तर वर्षं झाली. तेव्हा ती क्रांतीच होती. आज? आमच्या भागातल्या एका संस्थेची वार्षिक सभा पंधरा मिनिटांत उरकते. 'मंजूर, मंजूर' आणि वडापाव. त्यापेक्षा आमच्या नाशिक जिल्ह्यातली मोहाडीची सह्याद्री ही शेतकरी कंपनी बघा. द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात केली, आज टोमॅटोवर प्रक्रिया करतात. राजकारणी अध्यक्ष लागला नाही.

पंचगंगाकाठ
सह्याद्री एकच आहे हो, बाकीच्या कंपन्यांची नावं सांगा की! आणि २००२ पासून कायद्यानेच तुमच्या कंपनीतही एका सभासदाला एकच मत. म्हणजे सहकारच, फक्त सहकार खात्याच्या निबंधकाला वगळून. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, १४ दिवसांत बिल द्यायचं बंधन आहे. तुमचा द्राक्ष व्यापारी माल भरून पळाला की कोणाला धरता?

द्राक्षबागवाला, निफाड
पळतात, खरं आहे, मीही पोळलोय. पण ते १४ दिवस कागदावरचे. माझ्या मामांचं बिल चार महिने अडकलं होतं, वजनकाट्यात मारलं गेलं ते वेगळंच.

कोरडवाहू, औसा
तुम्ही दोघंही बागायतदार. आमची सोयाबीनची कंपनी आहे. योजनेतून सीईओचा पगार तीन वर्षं आला, तो थांबला आणि सीईओही गेला. आता हमीभावाचं खरेदी केंद्र मिळालं तर धंदा, नाहीतर शटर खाली. सभासद स्वतःच्या कंपनीला माल घालत नाहीत, आडत्याला घालतात. का? पेरणीला उचल तो देतो. कारखान्याचं बळ गाळपात नाही, ते इथं आहे: गावच्या सहकारी सोसायटीने पीककर्ज द्यायचं आणि उसाच्या बिलातून कापून घ्यायचं. ही साखळी कंपनीकडे नाही. भागभांडवल दोन-चार लाख, बँक दारात उभी करत नाही.

पंचगंगाकाठ
हे पटलं. पण त्याच साखळीने आमच्याकडे सभासद बांधलाही जातो. सोसायटी ज्या गटाची, ऊसही त्याच गटाच्या कारखान्याला. विरोधात गेलात तर तोडणीची टोळी शेवटी येते, ऊस तोवर तुरे काढून वाळत बसतो.

द्राक्षबागवाला, निफाड
मग औसाकर, उद्या कंपनीने बियाणं उधारीवर दिलं तर तुमचे सभासद माल घालतील?

कोरडवाहू, औसा
निम्मे घालतील. उरलेले बियाणं नेतील आणि माल आडत्याला. त्यात माझा चुलतभाऊ पहिला असेल.