कॅलिपरचं काम झाल्यापासून ब्रेक पेडल लिबलिबीत, ब्रेकच्या पाईपांतली हवा काढूनही फरक नाही (इंदूर)

सुदामानगरवाला:
नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची वॅगनआर, पेट्रोल, एबीएस नाही. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहायचा, हात लावला तर चटका बसायचा. म्हणून छोट्या ग्वालटोलीतून सील किट आणून घराजवळच्या एका मेकॅनिककडून पुढचे दोन्ही कॅलिपर (ऑइलच्या दाबाने ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर आवळणारे भाग) खोलून साफ करवले. चाक मोकळं झालं, पण तेव्हापासून पेडल पार मऊ. अर्ध्यापर्यंत नुसतंच जातं, मग ब्रेक लागतो, आणि तेव्हाही पायाखाली उशी असल्यासारखं वाटतं. भराभर मारलं की वर येऊन कडक होतं, थोड्या वेळाने पुन्हा तेच. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून झाली, ब्रेक ऑइल नवीन आहे, त्याच्या टाकीतली पातळी उतरत नाही. आता मेकॅनिक म्हणतो, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) गेला. रविवारी आईला घेऊन जाम घाटातून महेश्वरला जायचंय. खर्च करून टाकू का?

महूकर:
टाका भिया. माझ्या जुन्या गाडीचंही पेडल दाबून धरलं की खाली बसायचं, मास्टर सिलेंडर बदलला आणि विषय संपला.

रामबागचे काका:
महूकर, तुमचं पेडल "बसायचं", यांचं "मऊ" आहे. हे दोन वेगळे रोग आहेत, औषधही वेगळं.

सुदामानगरवाले, पैसे खिशातच राहू द्या. इंजिन चालू ठेवून पेडल हलकं दाबा आणि मिनिटभर पाय तसाच धरा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलेंडरच्या आतले रबर ऑइल मागे सोडतायत, मग महूकरांचं खरं. एका जागी थांबलं, पण दाबलं की लिबलिबतं, तर आत हवा आहे. ऑइल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. भराभर मारल्यावर पेडल कडक होतं, हे लक्षणही तिकडेच बोट दाखवतं.

दुसरं, हँडब्रेक पूर्ण ओढून पेडल दाबा. एकदम वर आलं तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे) लांब गेलेत, ते ॲडजस्ट करायचे. पण त्यात पेडल खोल जातं, मऊ होत नाही. बूस्टरचा, म्हणजे पायाला जोर पुरवणाऱ्या डब्याचा, इथे संबंध नाही. तो गेला की पेडल उलट लाकडासारखं होतं.

एक सांगा, सकाळी गाडी थंड असतानाही असंच असतं का? फक्त घाट उतरताना मऊ होत असेल तर ऑइल उकळतंय असं धरायचं.

सुदामानगरवाला:
काका, सकाळी थंड असतानाही तेच. पेडल धरून ठेवलं तर सरकत नाही, एका जागी थांबतं. हँडब्रेकने काही फरक पडला नाही.

रामबागचे काका:
मग मास्टर सिलेंडरला हात लावू नका. हवाच आहे, आणि ती अशा जागी आहे जिथून निघू शकत नाही.

पुढचं चाक पूर्ण वळवा, आतून टॉर्च मारा आणि कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल कुठे आहे ते बघा. ते वरच्या अंगाला हवं. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी खोलले की डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे जाऊ शकतो. बोल्ट बसतात, पाईपही बसतो, गाडी चालते. फक्त निप्पल खाली जातं. मग कितीही ऑइल काढा, हवेचा फुगा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहतो. रबरी पाईपला पीळ पडलाय का, तेही बघून घ्या.

सुदामानगरवाला:
काका! दोन्ही निप्पल खाली आहेत. डाव्या बाजूच्या पाईपला पीळ आहे, चाक पूर्ण वळवलं की तो ताणला जातो.

रामबागचे काका:
सापडलं. आता अदलाबदल करून घ्या. पाईपच्या बोल्टचे तांब्याचे वॉशर नवीनच लावायला सांगा. जुने एकदा दबलेले असतात, तिथून पाझर सुरू होतो. मग पुन्हा चारही चाकांची हवा काढायची. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल उघडून बंद केल्यावरच पाय सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

आणि तोवर गाडी उभी. महेश्वर कुठे पळून जात नाही.

लोकमान्यनगर_रहिवासी:
मध्येच विचारतो. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर ग्रेड लिहिलेला असतो, त्यात डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं का? मला घाटात जास्त जावं लागतं.

रामबागचे काका:
चालतं, दोन्ही एकाच जातीची. नवं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230. पण दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, आणि पाणी शिरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. त्यामुळे बाटली भारी घेण्यापेक्षा दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं जास्त कामाचं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही यात ओतू नका. आणि घाट उतरताना गिअर खालचा ठेवा. लोक न्यूट्रलमध्ये उतरतात आणि मग ब्रेकला शिव्या देतात.

सुदामानगरवाला:
झालं काम. अदलाबदल दुसऱ्या गॅरेजमध्ये करवली. उजव्या निप्पलमधून आधी नुसता फेसच येत होता, मग धार स्वच्छ झाली. पेडल आता वरच लागतं आणि इंजिन बंद करूनही तिथेच राहतं. महेश्वर पुढच्या रविवारी. आधी बायपासवर रिकाम्या जागी दोन-चार कचकचीत ब्रेक मारून बघतो.

महूकर:
काका, माझ्या गाडीचा जुना मास्टर सिलेंडर अजून पडलाय घरी. कोणाला हवाय का?

रामबागचे काका:
भंगारात द्या. आणि सुदामानगरवाले, बोनेटवर किंवा मडगार्डवर ऑइल सांडलं असेल तर आत्ताच पाण्याने धुवा. रंग खातं ते.