पाहुण्यांसाठी सलग वायफाय : आपले अनुभव लिहावेत

कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्याला पाहुणे हल्ली मासळीच्या आधी वायफायबद्दल विचारतात. प्रत्येक खोलीत, पडवीत आणि वाडीतही ते न तुटता मिळावे यासाठी आपण काय केले आणि कुठे फसलात, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

गुहागरजवळचे आमचे घर चिरेबंदी असून जांभ्याच्या भिंती हातभर रुंद आहेत. राऊटर ओटीवर, सहा खोल्या मागे आणि दोन वाडीत, अशी रचना असल्यामुळे मी तीन रिपीटर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे पाठवणारी उपकरणे, आणले. शेवटच्या खोलीत मोबाइलवर सिग्नल पूर्ण दिसे, पण व्हिडिओ कॉल काही टिकत नसे. तिथे उतरलेल्या एका बाईंनी अखेर आमच्या झोपाळ्यावर बसून, एका पायाने झोपाळा थोपवून धरत, दोन तासांची मीटिंग पार पाडली. कारण मला नंतर कळले. रिपीटर जिथे लावला होता तिथे त्यालाच क्षीण सिग्नल मिळत होता, आणि साधा रिपीटर ज्या चॅनेलवर (रेडिओलहरींच्या ठरावीक मार्गिकेवर) ऐकतो त्याच चॅनेलवर पुढे बोलतो, त्यामुळे उरलासुरला वेगही निम्म्यावर येतो. मोबाइलवर दिसे तो सिग्नल रिपीटरपर्यंतचा होता, इंटरनेटपर्यंतचा नव्हे.

मग वायरमनकडून भिंतींतून पाइप काढून केबल ओढून घेतली आणि छताला चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने राऊटरला जोडलेली वायफाय देणारी उपकरणे, बसवले. त्यांना वीजही त्याच केबलमधून मिळते. सर्वांचे नाव व पासवर्ड एकच ठेवला. तरीही ओटीवर जोडलेला फोन वाडीत गेल्यावर ओटीलाच चिकटून राही, कारण कोणता ॲक्सेस पॉइंट कधी सोडायचा हे मुख्यतः फोनच ठरवतो. इथे उपाय उलटा निघाला : प्रत्येकाची शक्ती वाढवण्याऐवजी कमी केली, म्हणजे दूर गेल्यावर फोन जुन्याला लवकर सोडतो, आणि 2.4 गिगाहर्ट्‌झमधले 1, 6 व 11 हे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल शेजाऱ्या-शेजाऱ्यांना वेगवेगळे वाटून दिले. आता व्हॉट्सॲपवर बोलत ओटीवरून विहिरीपर्यंत गेले तरी बोलणे तुटत नाही.

तारकर्लीहून :
आमच्या झोपड्या विखुरलेल्या आहेत, म्हणून मी माडांच्या रांगेतून जमिनीखालून तांब्याची केबल नेली. अशा केबलची 100 मीटरची मर्यादा पाळली होती, त्यामुळे ती उत्तम चालली. मे महिन्यात वळवाचा पाऊस येताना जवळच्या माडावर वीज पडली आणि नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचसह दोन ॲक्सेस पॉइंट जळाले; माडाचा शेंडा गेला तो वेगळाच. आता झोपड्यांपर्यंत धातू नसलेली फायबर टाकली आहे, कारण काचेच्या तंतूतून विजेचा लोंढा येत नाही. खर्च अधिक झाला, पण दर वळवाला उपकरणे घेण्यापेक्षा तो परवडतो.

पंढरपूरहून :
आमच्या लॉजमध्ये रेंजचा प्रश्न नव्हताच. आषाढीला एकेका खोलीत आठ-दहा जण उतरतात, आणि दशमीच्या दुपारनंतर आलेल्यांचे फोन जोडलेच जात नसत. जोडणाऱ्या प्रत्येक फोनला राऊटर एक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देतो; आमच्या राऊटरकडे वाटायला असे 100 पत्ते होते आणि दिलेला पत्ता तो 24 तास राखून ठेवी. माणूस चंद्रभागेवर स्नान करून तिकडूनच गावी निघाला तरी त्याचा पत्ता अडकलेला. मुदत 2 तासांवर आणली, पत्तेही वाढवले, तेव्हा कुठे तक्रारी थांबल्या.

महाबळेश्वरहून :
भाड्याच्या बंगल्यात घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तेव्हा केबलचा आग्रह सर्वांनाच लागू पडत नाही, असे मला वाटते. चार खोल्यांसाठी तीन बँडचा (लहरींच्या तीन पट्ट्यांवर चालणारा) मेश, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या वायफाय उपकरणांचा संच, घेतला, ज्यात उपकरणांना आपसांत बोलण्यासाठी एक बँड राखून ठेवता येतो, आणि तो समाधानकारक चालतो. धुक्याने काही बिघडत नाही, न्हाणीघरातल्या मोठ्या आरशाने मात्र बिघडते.

गुहागरहून पुन्हा :
मेशबद्दलचे म्हणणे मान्य. एक लिहायचे राहिलेच : हिशेबाचा संगणक आणि कॅमेरे पाहुण्यांच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावेत, आणि पाहुण्यांची उपकरणेही एकमेकांना दिसू देऊ नयेत. आमच्याकडे एकाने फोनवरून लावलेली लावणी रात्री अकराला शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या टीव्हीवर सुरू झाली होती. तेव्हापासून उपकरणांनी एकमेकांना दिसणे बंद केले, तर आता पाहुण्याला स्वतःच्या खोलीतल्या टीव्हीवरही फोनवरून काही लावता येत नाही. प्रत्येक खोलीचे नेटवर्क वेगळे न करता यावर कोणी तोडगा काढला असल्यास अवश्य लिहावे.