गोदीच्या गाड्या आणि बंद पडलेल्या ट्रान्सपोर्ट कंपन्या : तुमचे अनुभव लिहा

शिवडीकर :
रविवारी बाबांना घेऊन अटल सेतूवरून उलव्याला गेलो, मावसबहिणीकडे. शिवडीला वर चढल्या चढल्या बाबांनी विचारलं टोल किती. अडीचशे म्हटल्यावर गप्प. मग जरा वेळाने, "अडीचशेत आम्ही डिझेल टाकून पुणं करून यायचो आणि उरलेले मेहताजीच्या हातात परत द्यायचो." तिथून जी गाडी सुटली ती घरी येईपर्यंत थांबली नाही.

बाबा सत्तरच्या दशकात गोदीतून माल उचलणाऱ्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होते. नाव मुद्दाम देत नाही, मालकाची नातवंडं आमच्याच भागात राहतात. मस्जिद बंदरला ऑफिस, म्हणजे पोटमाळ्याखाली एक गादी, एक काळा फोन आणि एक मेहताजी. गाड्यांचे दरवाजे हिरवे, त्यामुळे गोदीच्या यलो गेटला असो नाहीतर ग्रीन गेटला, सगळे 'हिरवा दरवाजा' म्हणूनच हाक मारायचे, बोर्डावरचं लांबलचक नाव वाचतंय कोण. अशा कितीतरी कंपन्या होत्या तेव्हा, कोणी लाल बॉनेटवाले, कोणी मोरवाले. आता त्या गल्लीत गेलात तर एकाचीही पाटी नाही.

का बुडाल्या विचारलं की बाबा गिरणी संपाचं नाव घेतात. मला वाटतं संपाने धंदा नुसता लंगडा झाला, खरं तर मालच खाडीपलीकडे गेला. ८९ ला न्हावाशेवा बंदर चालू झालं तसे कंटेनर तिकडे, लोखंड बाजार कळंबोलीला, ९६ ला भाजी आणि फळं वाशीला. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक तर बुजवूनच टाकले. आणि आमचे शेठ म्हणाले मी गादी सोडून खाडी ओलांडणार नाही. नाही ओलांडली.

घरात कोणी ड्रायव्हर, क्लीनर, हमाल, क्लार्क, मालक असेल तर लिहा. कसंही लिहा, शुद्धलेखन कोणी तपासणार नाहीये.

कार्बनपेपर :
माझे पप्पा बिल्टी, म्हणजे ट्रकमधल्या मालाची पावती, लिहायचे!! चार प्रती, मध्ये कार्बन, आणि पेनावर इतका जोर की घरी वाण्याची यादी लिहिली तरी खालच्या पानांवर तूरडाळ उमटलेली असायची. वापरलेले कार्बन घरी आणायचे, आई त्याने टेबलक्लॉथवर भरतकामाची नक्षी उतरवायची, आमची बोटं कायम निळी.

एक गंमत सांगते. गाडी सोलापूरला पोहोचली की ड्रायव्हर मुंबई ऑफिसला पीपी ट्रंक कॉल लावायचा. पीपी म्हणजे ज्याचं नाव दिलंय तो माणूस फोनवर आला तरच पूर्ण पैसे, नाहीतर किरकोळ आकार. मग हे लोक नसलेल्याच माणसाचं नाव द्यायचे. 'सोनावणे आहेत का' म्हणजे माल खाली झाला. 'कुलकर्णी आहेत का' म्हणजे गाडी खोटी झाली, निघायला उशीर. पप्पा ऑपरेटरला सांगणार, साहेब बाहेर गेलेत. झालं काम, पैसे वाचले. पुढे ऑफिसात खरोखरचे एक कुलकर्णी नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी उत्साहाने फोन घेतला, "हां बोला, कुलकर्णीच बोलतोय!" शेठनी बिल बघून डोक्याला हात लावला.

पोळीभाजी :
@कार्बनपेपर मेले हसून 😂😂 बिचारे कुलकर्णी

दगडूशेठचा_शेजारी :
आमच्याकडे मोबाईलवर मिस्ड कॉल देऊन हेच चालायचं. एक वाजला तर पोहोचलो, दोन वाजले तर डबा ठेव.

घोडावाला :
मी स्वतः ट्रेलर चालवलाय न्हावाशेव्याला, आत्ता पाठीमुळे सोडलं. शिवडीकर तुमचे बाबा ज्या गाड्या चालवायचे आणि आम्ही ज्या, त्यात जमीन अस्मानाचा फरक आहे, त्यांना माल दिसायचा तरी, आम्हाला डब्यात काय आहे ते कधीच माहीत नसायचं, सील बघायचं नंबर जुळवायचा फॉर्म तेरा म्हणजे बंदरात शिरायचा कागद हातात घ्यायचा आणि रांगेत लागायचं. पुढच्या इंजिनाला आम्ही घोडा म्हणतो, मागे चाळीस फुटी लावला की वळताना आरशात फक्त पत्रा दिसतो, मागचं चाक कुठून येतंय ते अंदाजानेच. नवीन पोरांना मी एकच सांगायचो की डबा ठेवला की चारी कोपऱ्याचे लॉक स्वतःच्या हाताने फिरव, दुसऱ्याने फिरवलं म्हणाला तरी तू बघ, कारण लॉक नाही लागलं तर वळणावर डबा खाली आणि ट्रेलर वर असं होतं, मी बघितलंय उरण फाट्याजवळ, रिकामा होता म्हणून कोणाला लागलं नाही. बाकी पुलावरून टोल देऊन जायचं का वाशीवरून फिरून जायचं हे ड्रायव्हर नाही ठरवत, ज्याची गाडी तो ठरवतो. जेवायला बोलावतायत, उरलेलं नंतर.

घाटमाथा :
बोरघाटाचा विषय निघालाच पाहिजे. आमचे काका जुन्या रस्त्याने खोपोलीहून वर. नियम असा की ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. पण डिझेल वाचवायला लोक उतारावर न्यूट्रल मारायचे, काही महाभाग तर इंजिनच बंद करायचे, वाचलेलं डिझेल ढाब्यावर विकलं की वरकमाई. हायड्रॉलिक ब्रेक तापून मऊ पडायचे. एअर ब्रेकवाल्यांचं अजून वाईट, इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद, चार-पाचदा पाय दाबला की टाकीतली हवा खलास आणि पुढे दरी. चढताना क्लीनर आत बसायचाच नाही, हातात लाकडाचा ठोकळा घेऊन गाडीच्या बाजूने चालत, गाडी दमली की मागच्या चाकाखाली सरकवायचा. सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. पावसात, अनवाणी.

शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय काका पुढे गेले नाहीत कधी. ज्याने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली त्या धनगराचं देऊळ ते. काका देव मानत नव्हते पण म्हणायचे रस्ता दाखवणाऱ्याला पैसे द्यायचेच असतात.

पोळीभाजी :
अमृतांजन पूल पाडला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. लहानपणी तो आला की आई म्हणायची चला आलं लोणावळा

घाटमाथा :
२०२० ला पाडला, लॉकडाऊनमध्ये रस्ता मोकळा होता म्हणून एप्रिलमध्येच उरकलं. १८३० चा होता. पाडायला पाहिजेच होता, त्याच्या खांबांमुळे तिथे लेन आवळायची.

पोळीभाजी :
असेल हो. मला वाईट वाटलं एवढंच म्हणतेय 🙂

बकरीअड्डा :
आजोबा कॉटन ग्रीनला कापसाच्या गाठी चढवायचे. एक गाठ १७० किलोच्या आसपास, दोघे आकडा लावून कलती करायचे आणि तिसरा पाठ द्यायचा. आजोबांच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता, आम्ही नातवंडं तो दाबून बघायचो, त्यांना काही जाणवायचं नाही. कापसाची गाडी म्हणजे बिडी बंद, म्हणजे बंदच, ड्रायव्हर सुद्धा केबिनमध्ये ओढणार नाही. गोदीतल्या ४४ च्या स्फोटात जहाजावर दारूगोळ्यासोबत कापूस होता आणि आग आधी कापसालाच लागली होती, हे आजोबांच्या वडिलांच्या पिढीने बघितलेलं. त्यामुळे बिडीवरून कानफटात खाल्लेले क्लीनर भरपूर.

संपाबद्दल मी शिवडीकरांच्या बाबांच्या बाजूने. १८ जानेवारी ८२ ला संप सुरू झाला आणि गोडाऊन ते गिरणी ही जी रोजची जवळची फेरी होती तीच गेली. लांबच्या भाड्यापेक्षा ह्या छोट्या फेऱ्यांवर छोटे गाडीमालक जगायचे. एक-दोन गाड्यावाले तेव्हाच संपले. न्हावाशेवा येईपर्यंत ते गाड्या विकून रिक्षाचं परमिट शोधत होते. मोठ्या कंपन्या नंतर गेल्या तुम्ही म्हणता त्या कारणाने, ते मान्य.

शिवडीकर :
@बकरीअड्डा हे पटलं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले "बघ, शिकलेला माणूस आहे." म्हणजे मी नाही.

हापूसखाऊ :
जरा वेगळं आहे पण चालेल ना? आमचं गाव देवगडजवळ. मार्च लागला की संध्याकाळी आंब्याचा ट्रक भरायला लागायचा, पेट्यांच्या थरांमधून हवा खेळायला जागा ठेवायची, वर ताडपत्री घट्ट बांधायची नाही नाहीतर सकाळपर्यंत आंबा शिजतो. रात्रभर कशेडी घाट वगैरे करत पहाटे क्रॉफर्ड मार्केट. तेव्हा मुंबईला जायला एसटीचे पैसे नसले की आमचे अण्णा पेट्यांवर झोपून जायचे, ड्रायव्हरला आठ आणे आणि वाटेत गाणी. मुंबईत उतरले की अंगाला आठवडाभर आंब्याचा वास, नोकरीच्या मुलाखतीला गेले तर साहेबाने विचारलं आंबे आणलेत का. नोकरी लागली पण. आता सगळं वाशीला उतरतं, आणि कशेडीला बोगदा झालाय.

दगडूशेठचा_शेजारी :
यंदा पेटीचा भाव काय? आणि कुरियरने पाठवता का

हापूसखाऊ :
@दगडूशेठचा_शेजारी व्यनि करते

मुलुंडचेकनाका :
कोणी जकात नाक्याबद्दल लिहिलंच नाही! जन्म गेला आमचा त्या रांगेच्या शेजारी. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द, मुंबईत शिरायचं तर कुठेतरी थांबायलाच लागायचं. कागद तपासून होईपर्यंत ड्रायव्हर लोक गाडीखाली चटई टाकून झोपायचे, दोन चाकांच्या मध्ये सावली असते ना. स्टोव्ह पेटवून भात लावणार, भांडी घासून बंपरवर वाळत घालणार. पंक्चरवाला, चहावाला, नाव्ही, फोन बूथ, फॉर्म भरून देणारे, त्या रांगेवर अख्खी वस्ती चालायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात बंद. रस्ता मोकळा झाला, चांगलंच झालं, पण आमच्या चहावाल्याने महिन्याभरात टपरी उचलली. ट्रान्सपोर्टची फॉर्म भरणारी जी छोटी ऑफिसं होती तीही गेली, त्यांना कोणी बुडालेल्या कंपन्यांत मोजत नाही.

निळीशाई :
बरेच दिवस लिहू का नको करत होते. माझे वडील एका कंपनीत ड्रायव्हर होते, कंपनी एका रात्रीत बंद झाली. सकाळी गेले तर शटरला दोन कुलपं, एक मालकाचं आणि एक फायनान्सवाल्याचं. गाडीत त्यांचं अंथरूण, डबा आणि लायसन्सची झेरॉक्स होती, ती सुद्धा मिळाली नाही. पगारातून पीएफ कापत होते पण भरलाच नव्हता हे नंतर कळलं. आई शिवणकाम करायची त्यावर आम्ही शिकलो. वडील नंतर स्कूल बसवर लागले. मुलांची बस चालवताना खूष असायचे, म्हणायचे हा माल स्वतः चढतो आणि स्वतः उतरतो. गेल्या वर्षी गेले.

कार्बनपेपर :
@निळीशाई 🙏 लिहिलंत ते बरं केलंत. पप्पा सांगायचे की बंद पडायच्या आधी डिझेलचं बिल थकायला लागतं, मग नव्या टायरऐवजी जुनेच रिमोल्ड होऊन यायला लागतात, मग मालक फोन घेत नाही. क्लार्कला आधी कळतं आणि ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी, कारण तो रस्त्यावर असतो.

घोडावाला :
ताई तुमच्या वडिलांना नमस्कार. स्कूल बसवाले बरेच जण आमच्यातलेच असतात.

फार्गोप्रेमी :
गाड्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. आमच्या दादांकडे फार्गो होती, कुर्ल्याच्या प्रीमियरची. डॉज आणि फार्गो एकच, बिल्ला वेगळा. पॉवर स्टेअरिंग वगैरे काही नाही, गाडी उभी असताना चाक फिरवायचं तर ड्रायव्हर सीटवरून अर्धा उठून लोंबकळायचा. गिअरच्या दांड्याला क्लीनरचं जुनं बनियन गुंडाळलेलं, उन्हात हात भाजतो म्हणून. नंतर टाटाची बारा-दहा, म्हणजे १२१० मॉडेलचा ट्रक, घेतली. ५४ पासून ६९ पर्यंत त्यांचा जर्मन कंपनीशी करार होता, तेव्हाच्या गाड्यांवर मर्सिडीजचा तारा असायचा, आणि दादा लग्नाच्या बैठकीत खुशाल सांगायचे की आमच्याकडे मर्सिडीज आहे. वहिनीच्या वडिलांनी बघायला आल्यावर अंगणात ट्रक पाहिला. लग्न झालं, काळजी नको.

बकरीअड्डा :
बारा-दहापेक्षा बेडफर्ड चांगली होती. आवाज ऐकून सांगायचो आम्ही कोणाची गाडी आली ते

फार्गोप्रेमी :
बेडफर्ड चांगली?? स्पेअर पार्टसाठी गल्लोगल्ली फिरायला लागायचं. बारा-दहाचा कमानपाटा (चाकावरची स्प्रिंग) कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळायचा, म्हणून तर सगळ्यांनी टाटा घेतली.

बकरीअड्डा :
पाटा तुटायचा म्हणून सगळीकडे मिळायचा 😄

पोळीभाजी :
एक विचारायचं होतं. ट्रकच्या मागे कमळं, गरुड वगैरे रंगवायचे ते पेंटर आता कुठे मिळतील? मुलाच्या खोलीचं दार तसं करून हवंय, स्टिकर नको

मुलुंडचेकनाका :
@पोळीभाजी वडाळा ट्रक टर्मिनलला बघा, नाहीतर कळंबोलीला बॉडी बनवणारे आहेत त्यांच्याकडे चौकशी करा. सकाळी जा, दुपारी ते झोपलेले असतात.

फार्गोप्रेमी :
आणि 'हॉर्न ओके प्लीज' लिहून घ्या दारावर, ट्रकवर लिहायला राज्यात २०१५ पासून बंदी आहे, दारावर नाही.

पोळीभाजी :
नवरा म्हणतो त्यापेक्षा 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहा, पोरगा अठराचा झालाय