ई-कचऱ्याच्या यादीतील कॅसेटविषयी

सचिव (ए-१०२): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी १० वाजता ई-कचरा नेणारी गाडी येणार आहे. जुने संगणक, वायरी, कॅसेट, फ्लॉपी इत्यादी वस्तू पार्किंगमध्ये आणून ठेवाव्यात. क्लब हाउसच्या माळ्यावरील बेवारस खोकेही त्याच गाडीत जाईल.

बी-४०३: सचिव महोदय, त्या खोक्याबाबत एक विनंती आहे. मी ते उघडून पाहिले. त्यात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा संगणक आणि त्याच्या खेळांच्या कॅसेट आहेत. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली ब्रिटनमध्ये आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम पुढे भारतातही परवान्याने तयार होऊन या नावाने विकला जात असे. खोके गाडीत देण्याआधी निदान कॅसेटमधील मजकूर उतरवून घेण्याची मुभा द्यावी. यंत्र एक वेळ दुरुस्त होते, पण फितीवरचे चुंबकीय आवरण झडले की त्यावर काही इलाज नाही.

सी-६०१: काका, हे सगळे खेळ आता इंटरनेटवर मिळतात आणि माझ्या फोनवरही चालतात. मग हे खोके जपण्याचे कारण काय, हे खरोखर जाणून घ्यायचे आहे.

बी-४०३: प्रश्न रास्त आहे. फोनवर तुला खेळ मिळतो, परंतु तो सुरू होण्याआधी जे घडत असे ते मिळत नाही, आणि माझ्या मते अर्धी गंमत तिथेच होती. या यंत्रावर 'जे' ही कळ दाबली की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटत असे. त्यापुढे दोन अवतरणचिन्हे देऊन एंटर दाबायचे आणि साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची. आधी एक लांब, एकसुरी शिट्टी ऐकू येई आणि पडद्याच्या कडेला तांबडे व आकाशी पट्टे सरकू लागत. मग आवाज खरखरीत होऊन पट्टे निळे-पिवळे होत, म्हणजे माहिती आत येऊ लागली असे समजायचे. चित्रही एकदम येत नसे. पडद्याचे तीन भाग करून, दर वेळी आठ-आठ ओळींच्या अंतराने ते काळ्या-पांढऱ्यात भरत जाई आणि रंग सर्वांत शेवटी चढत. एवढे होऊनही टेपचा आवाज थोडा कमी-जास्त असला, तर पाचेक मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर 'टेप लोडिंग एरर' अशी एक ओळ तेवढी हाती येई.

'मॅनिक मायनर' हा १९८३ चा खेळ घे. मॅथ्यू स्मिथ या जेमतेम सतरा वर्षांच्या मुलाने तो लिहिला. त्यात एकामागून एक २० गुहा पार करायच्या असतात, प्रत्येक गुहेत हवा संपत जाते आणि मध्येच थांबून खेळ जतन करण्याची सोय नाही. आपल्याकडे भर खेळात वीज गेली की ४८ किलोबाइटची सगळी स्मृती पुसली जाई आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावावी लागे. तेव्हा महावितरण नव्हते, मंडळ होते. पण वीज जायची ती अशीच.

ए-३०४: आमच्या वेळचा म्हणजे बंदुकीचा व्हिडिओ गेम, पक्षी मारण्याचा. मुलांना दाखवावा म्हणून दिवाळीत नव्या टीव्हीला जोडला. पक्षी छान उडतात, परंतु एकही गोळी लागत नाही. बंदूक बिघडली असावी काय?

डी-२०१: वहिनी, बंदूक बहुधा ठीक आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, नंतर पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतील संवेदक तो प्रकाश टिपतो. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, तोवर बंदुकीची वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. हा खेळ पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवरच चालेल.

बी-४०३ यांना पाठिंबा देताना थोडी सावधगिरी सुचवतो, कारण ही दुरुस्तीची कामे मी करत आलो आहे. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचे आतले टोक ऋण असते. घरातील हल्लीचे बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके उलटे असल्याने कोणीही उत्साहाने हाताला येईल तो लावून पाहू नये. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढुरकी बुरशी दिसत असेल, तर ती वाजवू नका. ती टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब करते. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल पडला असेल तर बदलावा लागेल, अन्यथा फीत कमी-अधिक वेगाने फिरेल. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून आवाज सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबावे आणि मगच लॅपटॉपवर वेव्ह फाइल म्हणून ध्वनिमुद्रण करावे. जागा वाचवण्यासाठी एमपी३ करू नये.

सी-६०१: म्हणजे ती फाइल फोनवरून वाजवली, तर संगणक तिला कॅसेटच समजेल?

डी-२०१: होय. हेडफोनच्या भोकातून वायर थेट स्पेक्ट्रमच्या 'इअर' या जागी जोडायची आणि आवाज बराच मोठा ठेवायचा. मधेच कोणाचा फोन आला तर मात्र त्याची रिंगही खेळात जाईल.

सी-६०१: मग शनिवारी लॅपटॉप आणि वायर मी आणतो. काका, पट्टे आधी तांबडे की निळे, ते मला स्वतः पाहायचे आहे.

सचिव (ए-१०२): खोके यादीतून वगळले आहे. शनिवारी सायंकाळी ५ वाजता क्लब हाउस उघडून देतो. जुना टीव्ही कोणाकडे आहे काय?

ए-३०४: आमच्या सासूबाईंच्या खोलीत २१ इंचांचा आहे आणि तो रविवारच्या गाडीतच देणार होतो. तो उचलायला दोन माणसे लागतील, आणि त्यांनी दुपारी ४ नंतर यावे; त्याआधी त्या झोपलेल्या असतात. बंदूकही सोबत देते.